बिनचुलीचं घर

९ फेब्रुवारी

मासा उलटता उलटता सांगून टाकलं आईनं! मागच्या अंगणात, तिच्या त्या पत्र्याखाली. "तातांगचं वर्ष झालं की काळे कपडे उतरवणार आणि गावी जाणार. कायमची." मग मासा उलटला. मग म्हणाली, "मीठ आण."

मी मीठ आणलं. दुसरं काय करणार?

वडील गेले ऑक्टोबरात. म्हणजे येत्या ऑक्टोबरपर्यंत मुदत. "इलोकोसला आता तुझं आहे कोण, नानांग?" म्हटलं. तिथल्या घरात आता तिची भाची राहते, भाचीची पोरं राहतात, आईच्या जुन्या खोलीत म्हणे मोटारसायकल लावतात.

"इथे कोण आहे?"

"मी आहे ना!"

"तू कामावर असतेस."

खरं आहे. प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या दंडातून रक्त काढायचं आणि घरी येऊन तिनं झाकून ठेवलेलं जेवायचं. आयुष्यभर ही बाई या देशात परक्या म्हाताऱ्यांची दुखणी काढत आली. आता तिनं स्वस्थ बसावं एवढंच माझं म्हणणं. तिला बसताच येत नाही.

१० फेब्रुवारी

सुचलं! मागच्या अंगणात तिला स्वतःचं घर बांधून द्यायचं. स्वतःचं दार, स्वतःची किल्ली. स्वतःचं दार सोडून कोण जाईल?

१४ फेब्रुवारी

नानांगला सांगितलं. "बांध," म्हणाली. "ऑक्टोबरच्या आत झालं तर बघू." बघू म्हणाली! नाही म्हणाली नाही.

रात्रभर विचार करत होते — हे तिच्यासाठीच ना? माझी मुलगी लुईसा कॉलेजला गेली. नवरा सोडून गेला त्याला इतकी वर्षं झाली की आता त्याचा रागही येत नाही. नानांग गेली तर या घरात फ्रीज तेवढा आवाज करेल.

ठीक आहे. थोडं माझ्यासाठीही.

४ मार्च

नगरपालिकेत गेले. खिडकीवरची बाई फार गोड बोलते. गोड माणसानं नकार दिला की आपणच आभार मानून बाहेर पडतो.

तिचं म्हणणं असं — आत चूल असेल तर ते 'दुसरं घर'. त्याला वेगळं सांडपाणी, वेगळे मीटर, वेगळे नकाशे. वर्ष तर नक्कीच जाईल. चूल नसेल तर ते 'पाहुणघर'. ते लवकर होतं.

"पाहुणे कोण येणार?"

"आई."

"किती दिवस राहतील?"

"कायम."

तिनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे मी ऐकलं नाही हं."

मी आभार मानून बाहेर आले.

५ मार्च

लास व्हेगासला मानोंग आर्सेनियोला फोन. थोरला भाऊ, त्यामुळे सल्ला तयारच असतो. "चूल वगळ! आधी ऑक्टोबर गाठ. म्हातारीला वेगळी चूल हवीच कशाला, वेंग? तुझ्या स्वयंपाकघरात काय कमी आहे?"

माझ्या स्वयंपाकघरात काय कमी आहे ते त्याला कुठे माहीत! नानांगनं तिथे तव्यावर मासा टाकला की छताला लावलेली धुराची घंटी किंचाळायला लागते. मग मी खुर्चीवर चढून टॉवेल हलवते आणि नानांग गॅस बंद करून तवा उचलून मागच्या अंगणात जाते. गेली कित्येक वर्षं ती घरात फक्त भात लावते. बाकी सगळं बाहेर.

चूल वगळली. पाहुणघराचा अर्ज केला. तिला एवढ्यात सांगत नाही. नकाशा मंजूर होऊ दे.

२ एप्रिल

आकाशातून पाहिलं त्यांनी! नकाशा तपासणाऱ्यानं उपग्रहावरून घेतलेला फोटो उघडला आणि आमच्या अंगणात त्याला एक छप्पर दिसलं, जे कुठल्याही कागदावर नाही. 'विनापरवाना बांधकाम. आधी पाडावे.'

नानांगचा पत्रा.

तातांगनी नौदलातून निवृत्त झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात उभारला होता तो. चार खांब, वर पत्रे, खाली दोन शेगड्या, एक नळ आणि बागूंगच्या बरण्यांची फळी. आंबवलेल्या माशाचा तो वास नवख्या माणसाला दारातूनच परत पाठवतो. परवाना काढायचा असतो हे तातांगना माहीत नव्हतं असं नाही. "स्वतःच्या अंगणात स्वतःच्या बायकोला सावली करायची, त्याला विचारायचं कोणाला?" असं त्यांचं म्हणणं.

"नानांग, तुझं घर बांधायचं तर हे काढावं लागेल."

"घर बांधायला स्वयंपाकघर पाडायचं?"

"नियम आहे."

"कोणाचा?"



११ एप्रिल

दुपारपर्यंत सगळं संपलं. बेनीची माणसं चलाख आहेत. बेनी आमच्या मावसबहिणीचा नवरा, ठेकेदार, म्हणजे काम घरच्यासारखं आणि बिल बाहेरच्यासारखं.

नानांग प्रत्येक खांबापाशी गेली आणि "बारी-बारी" म्हणाली. जे दिसत नाहीत त्यांची माफी मागायची असते, जागा हलवताना. बेनीनं टोपी काढली. मग खांब काढला.

बरण्या घरात आणू नको म्हटलं, गॅरेजमध्ये ठेवू या. तिनं ठेवल्या. दिवसभर हातात उलथनं होतं तिच्या. कुठे ठेवायचं ते कळत नसल्यासारखं.

६ मे

आता घोडं शेजारणीपाशी अडलं. समोर खांबावर अर्जाची सूचना लावावी लागते. ती वाचून एक हरकत आली. मिसेस व्हर्ना टॉलिव्हर. आमच्या मागच्या कुंपणाला तिचं मागचं कुंपण टेकलेलं. 'नवीन छपराची सावली माझ्या भेंडीवर पडेल.' भेंडीसाठी सुनावणी!

नौदलातल्याच माणसाची विधवा, ऐंशीच्या घरातली. शाळेच्या भोजनगृहात मुख्य स्वयंपाकीण होती. इतकी वर्षं पाठीला पाठ लावून राहतो आणि हात हलवण्यापलीकडे संबंध नाही. तिच्या दाराशी जायचं तर टेकडी उतरा, सिग्नलपर्यंत जा आणि पलीकडच्या रस्त्यानं पुन्हा चढा. कोण जातं?

नानांगला सांगितलं, तू मध्ये पडू नकोस. वकिलाला विचारते.

७ मे

नानांग गेली. टेकडी उतरून, चढून, हातात झाकलेला टोप घेऊन. मला शेजाऱ्यांकडून कळलं!

"काय नेलंस?"

"भेंडी. तिच्या भेंडीबद्दल बोलायचं तर भेंडी नको का?"

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, 'क्रिस' — मला क्रिसच म्हणते ती — 'तीस वर्षं तुझ्या माशांचा धूर खाल्ला मी, मासा एकदाही नाही!'"

"नानांग, हरकतीबद्दल काय म्हणाली?"

"ते विचारायचं राहिलं. उद्या मासा घेऊन जाते."

१६ मे

हरकत मागे! छपराचा उतार उलट बाजूला करायचा, एवढी अट. वकिलाची गरजच पडली नाही. माझीही पडली नाही.

१२ जून

परवाना आला! शिक्का, सही, सगळं. बेनीनं चर खणायला घेतले. रात्री नानांगनं विचारलं, "आत सगळं असेल ना?" मी म्हटलं, "सगळं." आणि भांडी घासायला उठले. भांडी घासलेलीच होती.

२३ जून

लिहिताना अजून हसू येतंय. आणि दुसरंही काय काय होतंय.

कामावर फोन आला — निरीक्षक मिस्टर प्रूइट. पायाचे चर तपासायला आले होते. "मॅडम, तुमच्या चरात रक्त आहे."

दिवसभर मी दुसऱ्यांचं रक्त बघते. पण माझ्या अंगणातलं, ते माझ्याआधी प्रूइटनी बघावं! धावत घरी. प्रूइट त्यांच्या गाडीत, काचा वर करून. दारात पोलिसांची गाडी. बेनी कुठेच नाही. आणि नानांग पायरीवर बसून शांतपणे कोंबडा सोलतेय.

काँक्रीट ओतण्याआधी पायाला कोंबड्याचं रक्त द्यायचं असतं. नाहीतर घर पुढे माणूस मागतं. हे मलाही माहीत आहे. पण कोणी तपासणीच्या दिवशी सकाळी देतं का!

पोलीसबाई तरुण होती. छातीवरच्या पट्टीवर नाव — बालमोरेस. मी मनात म्हटलं, आमच्याकडचं नाव, वाचलो. तिनं चरात वाकून पाहिलं आणि आमच्याच भाषेत, आजीला मारतात ती हाक मारून, विचारलं, "कोंबडा की डुक्कर, लोला?"

"कोंबडा."

"मग काही नाही. आमच्या आजीनं गॅरेजसाठी डुक्कर कापलं होतं. सगळा रस्ता गोळा झाला होता."

प्रूइट खाली उतरले. त्यांनी त्यांचं नियमांचं पुस्तक उघडलं. रक्ताबद्दल त्यात एक ओळ नाही. पण माणूस नियमाचा! शेवटी सापडलं — चर कोरडे हवेत. कागदावर लिहिलं, 'नापास. चरात ओलावा.'

नानांगनं सगळ्यांना जेवायला थांबवलं. शेवग्याचा पाला घालून कोंबड्याचा रस्सा. माझ्या स्वयंपाकघरात शिजवला. घंटी वाजली तेव्हा बालमोरेसनंच खुर्चीवर चढून बॅटरी काढली. प्रूइट "कामावर असताना खात नाही" म्हणाले आणि दोनदा घेतलं.

३० जून

चर कोरडे. पास. काँक्रीट ओतलं.

१८ जुलै

भिंतींचा सांगाडा उभा राहिला. सुंदर दिसतं. बांधून झालेल्या घरापेक्षा सांगाडा सुंदर — सगळीकडून उजेड.

दाखवायला नानांगला हाक मारली. ती नव्हती. व्हर्नाकडे. हल्ली सकाळी माझी गाडी निघाली की तिचीही स्वारी निघते. इथे पत्रा नाही, घरात घंटी. तिथे शाळेच्या भोजनगृहातून निवृत्त झालेली भलीमोठी सहा शेगड्यांची चूल आहे म्हणे, आणि खिडकीत पंखा. संध्याकाळी टेबलावर माझं जेवण झाकलेलं असतं. त्यात आता नवे पदार्थ. लाल भात, कसली कसली पालेभाजी, मक्याची भाकरी.

चांगलं आहे की! मैत्रीण मिळाली. मी खूश व्हायला हवं.

जेवले. भाकरी अतिशय छान होती. त्याचाच राग आला.

३ ऑगस्ट

आज आली बघायला. सांगाड्यातून वाट काढत, काळ्या झग्याचा घोळ वर धरून. कोपऱ्यात उभी राहिली, जिथून तिचं शेवग्याचं झाड दिसतं.

"चूल इथे. खिडकीसमोर."

"हं," म्हटलं.

बेनीनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून न पडलेला खिळा शोधत बसला.

बोलायला हवं होतं. आत्ता, तिथेच. पण तिनं त्या कोपऱ्यात हात असा पसरला होता — इथे टोप, इथे तवा. मला जमलं नाही.

२६ ऑगस्ट

व्हर्ना पायरीवरून पडली. खुब्याचं हाड. नानांगनंच रुग्णवाहिका बोलावली.

९ सप्टेंबर

व्हर्ना इस्पितळातून घरी आली आणि नानांग सकाळपासून तिकडे. तिला अंघोळ घालते, तिच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला धरून चालवते. आज भांडलेच.

"नानांग, पुरे झालं गं आता हे सगळं! यासाठीच का बांधतेय मी घर?"

"तिचा मुलगा अटलांटाला. म्हणतो, तिला म्हाताऱ्यांच्या घरात ठेवतो."

"ते त्याचं तो बघेल. तू काय तिची नर्स आहेस?"

"पगार घेते का मी?"

"घेत नाहीस, हेच तर!"

हसली. मी हसले नाही.

२५ सप्टेंबर

शेवटची तपासणी. नळ, दिवे, खिडक्या, धुराची घंटी (तिथेही!). प्रूइट आले, नानांगही आली, त्यांच्यासाठी ताटली घेऊन. आता ते "कामावर असताना खात नाही" म्हणत नाहीत.

सगळं पास. जाता जाता खिडकीसमोरच्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "चूल ठेवली नाहीत, फार बरं केलंत. लोक कपाटात लपवून ठेवतात. मग मला लिहावं लागतं."

त्या कोपऱ्यात मी एक छोटं टेबल ठेवलं होतं, वर फुलदाणी. पिवळी फुलं.

नानांगनं एक फूल सारखं केलं. "फुलं छान आहेत," म्हणाली.

नंतर, प्रूइट गेल्यावर, मी सगळं सांगायला सुरुवात केली. मार्चपासून. नियम, मुदत, मानोंगचा सल्ला, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, तोवर माझ्या स्वयंपाकघरात...

"मला माहीत आहे, वेंग. जूनपासून."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला? चरांना रक्त दिलं ना मी, एक एक चर फिरून. पाण्याची नळी होती, गटाराची होती. गॅसची नव्हती."

"आणि कोपऱ्यात उभी राहून 'चूल इथे' म्हणालीस ते?"

"म्हटलं, आता तरी सांगेल."

जमीन पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. "मग बोलली का नाहीस गं?"

"तू इतकी आनंदात होतीस. रोज संध्याकाळी टेप घेऊन मापं काढत. तातांग गेल्यावर पहिल्यांदाच."

मग फुलदाणीतलं पाणी बदलायला गेली.

३ ऑक्टोबर

अजून त्या घरात झोपलेली नाही. काळे कपडे उतरवल्यावर, म्हणते. मी दोनदा चादर बदलली. कोणी न झोपलेल्या बिछान्याची.

तिकिटाबद्दल विचारायचा धीर होत नाही. मोठी बॅग माळ्यावरून खाली आली आहे. हे मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

१९ ऑक्टोबर

तातांगचं वर्ष झालं.

जेवण सगळं व्हर्नाच्या चुलीवर. इतक्या माणसांचं माझ्याकडे झालंच नसतं. बेनीनं आपल्या गाडीतून टोप आणले, टेकडी उतरून, चढून, गरम गरम. व्हर्नाही आली, चाकाच्या खुर्चीतून, डोक्यावर मोठी हॅट. तातांगच्या फोटोपुढे पहिली ताटली ठेवली — भात, अंडं, मासा आणि शेजारी मक्याच्या भाकरीचा तुकडा. "त्यानं कधी चाखली नव्हती," व्हर्ना म्हणाली. "कुंपणापलीकडून वास मात्र घ्यायचा, मला माहीत आहे."

प्रार्थना झाल्यावर नानांग आत गेली आणि पिवळा झगा घालून बाहेर आली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी रडायला लागले. कसला रंग आहे तिच्या अंगाला! विसरूनच गेले होते.

आणि मग — हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं — मानोंगला म्हणाली, "आर्सेनियो, तिकीट काढू नकोस. मी इथेच राहणार."

राहणार! राहणार! राहणार!

मानोंग आज पाहुणघरात झोपलाय. म्हणतो, बिछाना उत्तम आहे, फक्त सकाळी कॉफी कुठे करायची?

२० ऑक्टोबर

कामावर सगळ्यांना सांगितलं. एकाचं रक्त काढताना मी गुणगुणत होते. त्यानं विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

२ नोव्हेंबर

नानांग आज राहायला गेली. व्हर्नाकडे.

व्हर्नाच्या मुलाशी सगळं ठरलं आहे. खालची खोली नानांगची. व्हर्नाला म्हाताऱ्यांच्या घरात जावं लागणार नाही. मी खूप बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "तिला सकाळी उठवायला कोणीतरी लागतं, वेंग. तू तर घड्याळ लावून उठतेस." मोठी बॅग, तातांगचा फोटो आणि गॅरेजमधल्या बरण्या माझ्याच गाडीतून पोचवल्या. टेकडी उतरून, सिग्नल, पुन्हा चढून. त्या बाईनं दार उघडलं आणि बरण्यांचा वास आला तरी तोंड वाकडं केलं नाही.

निघताना नानांग मागच्या अंगणात घेऊन गेली मला. भेंडीच्या वाफ्यापलीकडे आमचं कुंपण. त्याच्यावर माझ्या नव्या घराचं छप्पर. उलट्या उताराचं. कुंपणाच्या फळ्यांवर हात ठेवून म्हणाली,

"सोमवारी त्या खिडकीवरच्या बाईला विचारून ये. इथे फाटक करायचं तर परवाना लागतो का?"